डबल बेल

(दृश्य: आगाराचा कोपरा. सकाळचं कोवळं ऊन. लाल डबलडेकरची मागची बाजू, हळूहळू जवळून.)

ही पायरी बघा. मधोमध झिजलीय. या उघड्या फलाटावर एक पाय टेकला आणि दांडी हातात आली की बस मिळाली. बाकीचं शरीर मागाहून आत यायचं. धावती बस पकडू नकोस, असं घरून रोज बजावलं जायचं. आणि रोज ती धावतच पकडली जायची.

आता जिना. अंग चोरून चढायचं. वरून कुणी उतरत असेल तर दोघांपैकी एकानं पाठ भिंतीला लावायची. त्यात बसनं वळण घेतलं, तर ओळख नसलेली दोन माणसं एकमेकांचे खांदे धरून उभी.

(दृश्य: वरचा मजला. रिकामी बाकं. समोरची काच.)

आणि ही जागा. सगळ्यात पुढची, खिडकीची. हिच्यासाठी मुंबईतल्या पोरांनी समोर आलेल्या बस सोडल्यात. ड्रायव्हर खाली आपल्या केबिनमध्ये, दिसतही नाही. त्यामुळे बस आपणच चालवतोय, याबद्दल पोरांच्या मनात शंका नसायची. झाडांच्या फांद्या टपावर सपसप आपटत जायच्या. १२३ नंबरनं मरीन ड्राइव्हवरून चौपाटीकडे निघालं की डावीकडे नुसता समुद्र आणि खाली कठड्यावर बसलेल्यांची डोकी. उजवीकडच्या इमारतींत पहिल्या मजल्यावर कुणाकडे काय चाललंय, तेही दिसायचं. ते बघायचं नसतं. सगळे बघायचे.

मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. गर्दी वाढली, रस्ते तेवढेच राहिले, म्हणून १९३७ मध्ये बसवर मजला चढला. चाळींच्या शहराला हा उपाय नवा नव्हता.

(दृश्य: निवृत्त कंडक्टरचे हात. तिकिटांचा पत्र्याचा डबा.)

हे हात बघत राहा. डब्यात रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, भाड्याप्रमाणे रांगेनं लावलेल्या. अंगठ्यानं एक सुटं करायचं आणि टप्प्याच्या आकड्यावर चिमट्यानं भोक पाडायचं. गर्दीत ओरडायची गरज नव्हती. चिमटा डब्यावर टिकटिक वाजला की झोपलेला माणूससुद्धा खिशात हात घालायचा. डबलडेकरला कंडक्टर दोन, एक खाली आणि एक वर. वरच्याचं काम अवघड. डुलत्या मजल्यावर तोल सांभाळायचा, सुट्टे पैसे मोजायचे, शिवाय वर उभं राहायला परवानगी नाही हे उभ्या असलेल्या माणसाला पटवायचं.

(दृश्य: छतालगतची घंटीची दोरी. हात ती ओढतो. आवाज.)

एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, तो फक्त ऐकतो. रांगेतली शेवटची म्हातारी चढली की नाही, हे त्याला या दोरीनंच कळायचं.

(दृश्य: काळा-पांढरा फोटो. बसच्या टपावर दोन लांब दांडे, वर तारा.)

हा फोटो मात्र वेगळा. ही डबलडेकर नाही, ही मुंबईची ट्रॉलीबस. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ती सुरू झाली. ट्राम अजून धावत होती. ट्रामला वरची एक तार पुरायची, कारण वीज चाकांखालच्या रुळांवाटे परत जायची. ट्रॉलीबसला रबरी टायर, खाली रूळ नाहीत. म्हणून तारा दोन आणि टपावरचे दांडेही दोन. ना धूर, ना इंजिनाची घरघर. तारांच्या खाली ती थोडी डावी-उजवीकडे सरकू शकायची, पण दांडा तारेवरून निसटला की भर रस्त्यात जागच्या जागी उभी. खाली उतरून दांडा पुन्हा तारेला लावल्याशिवाय ती हलायची नाही, आणि पुढची अडली तर तिला ओलांडून मागचीला जाता यायचं नाही.

३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ट्रॉलीबस २४ मार्च १९७१ ला थांबली. नऊ वर्षंही भरली नाहीत. विजेवरच्या बस आता नवलाई म्हणून येताहेत, त्या वेळी या फोटोकडे एकदा बघायला हरकत नाही.

(दृश्य: पुन्हा आगार. बसच्या पुढचा मराठी आकडा.)

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शहरात नऊशेच्या आसपास डबलडेकर होत्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या पद्धतीची शेवटची डिझेल डबलडेकर धावली. वय संपलं होतं, नियमानं तिला जावंच लागलं. बस कमी झाल्यावर थांब्यांवरच्या रांगांचं काय झालं, वरच्या मजल्यावरचा कंडक्टर कुठं गेला, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

एखादी जुनी बस जपायची म्हटलं की आपण ती धुऊन-पुसून उभी करतो. पण ही बस डोळ्यांनी कळत नाही. ती बुडाखालच्या धक्क्यांनी कळते, घंटीनं कळते, खिडकीतून तोंडावर येणाऱ्या वाऱ्यानं कळते. रविवारी एक फेरी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, जिथून सुरुवात झाली त्याच रस्त्यानं. तिकीट लावा. लोक रांग लावतील.

(दृश्य: नवी वातानुकूलित विजेवरची डबलडेकर. वरचा मजला. तेच निवृत्त कंडक्टर सगळ्यात पुढे बसलेले.)

गाडी छान आहे. गारवा आहे, हादरे नाहीत. खिडकी उघडत नाही. उतरायची वेळ आली तसे ते उठले, आणि हात सवयीनं छताकडे गेला.

(निवेदन इथंच थांबावं. बसचा आवाज राहू द्यावा.)