सुडोला एनपीएम का सापडत नाही?

ठाण्याची वागळे इस्टेट कारखान्यांसाठी वसवली गेली. आज तिच्या अनेक इमारतींत सॉफ्टवेअरचे काम चालते. अशाच एका छोट्या कार्यालयात एक तरुण अभियंता लिनक्स सर्व्हरवर नवे पॅकेज बसवत आहे. तिने स्वतःच्या खात्यातून एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणारे साधन, चालवले, तेव्हा त्याचा आवृत्ती क्रमांक लगेच उमटला. परंतु तीच कमांड सुडो लावून, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी प्रशासक खात्याच्या) अधिकाराने चालवताच 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर आले. अशा वेळी अनेक जण एनपीएम काढून पुन्हा बसवतात आणि तोच संदेश पुन्हा पाहतात, कारण मुळात हरवलेले काहीच नसते.

संदेशाचा पहिला शब्द पाहावा. तेथे 'बॅश' असेल, तर कमांड आपल्या शेललाच, म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामलाच, सापडलेली नाही. 'सुडो' असेल, तर शोध सुडोने घेतला आणि तो अपुरा पडला. कमांड कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची याची यादी 'पाथ' या चलात असते. आपल्या खात्याचा पाथ वेगळा आणि सुडोचा वेगळा, कारण सुडोचे नियम असलेल्या सुडोअर्स फाइलमध्ये 'सिक्युअर पाथ' नावाची ठरावीक यादी दिलेली असते आणि सुडो तीच वापरतो. ही खबरदारी मला अत्यंत योग्य वाटते: एखाद्याने आपल्या फोल्डरात नेहमीच्या कमांडच्या नावाचा खोटा प्रोग्राम ठेवला, तरी तो रूटच्या अधिकाराने चालू नये, यासाठी ती आहे.

आता एनपीएमचा पत्ता पाहू. या अभियंत्याने नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) हे एनव्हीएमच्या (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) साह्याने बसवले होते, आणि एनव्हीएम सगळे काही वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील एका लपलेल्या फोल्डरात ठेवते. ते सुडोच्या यादीत असण्याचा प्रश्नच नाही. सेंटओएस ७ या लिनक्स प्रकाराच्या मूळ यादीत तर यूएसआर-लोकल-बिन हे फोल्डरही नाही, उबुंटू या दुसऱ्या प्रकाराच्या यादीत ते आहे. त्यामुळे एकाच पद्धतीने केलेले काम एका सर्व्हरवर चालते आणि दुसऱ्यावर अडते. सुडोचा पाथ तपासताना 'सुडो एको डॉलर पाथ' असे लिहू नये, कारण सुडो सुरू होण्यापूर्वीच आपला शेल त्या जागी स्वतःचा पाथ भरतो आणि उत्तर दिशाभूल करते; 'सुडो प्रिंटएन्व्ह पाथ' लिहिल्यास खरी यादी दिसते.

एनपीएमचा पूर्ण पत्ता देऊन कमांड चालवली, तर पुढची अडचण उभी राहते. एनपीएम ही नोडवर चालणारी स्क्रिप्ट आहे. ती आपल्या पहिल्या ओळीतूनच नोडचा शोध घेते, आणि तो शोधही सुडोच्याच यादीत होतो. म्हणून सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) करायची असेल, तर नोड आणि एनपीएम या दोन्हींची, सुडोच्या यादीत असलेल्या फोल्डरात करावी. एकाच वेळेपुरते काम असेल, तर सुडोनंतर 'एन्व्ह' लिहून आपला पाथ सोबत देता येतो. सुडोअर्स फाइल बदलणे अटळच असेल, तर ती केवळ व्हिसुडो या त्यासाठीच्या साधनाने उघडावी. ते जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते, अन्यथा एका चुकीच्या ओळीमुळे सुडोच बंद पडू शकते.

तथापि एनव्हीएम वापरत असल्यास सुडोची गरजच नसते, कारण ते फोल्डर आपल्याच मालकीचे असते. उलट सुडोने एनपीएम चालवल्यास पॅकेजमधील स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालू शकतात, आणि काही फाइल रूटच्या मालकीच्या होऊन पुढे साध्या खात्यातून काम करताना परवानगी नाकारली जाते. एनव्हीएम नसेल, तर एनपीएमचा 'प्रीफिक्स', म्हणजे पॅकेजे बसवण्याची ठरलेली जागा, होम फोल्डरातील एखाद्या जागी वळवावा आणि त्यातील बिन फोल्डर आपल्या पाथमध्ये जोडावे. सर्व्हरवरील सर्वच खात्यांना नोड हवे असेल, तर ते उबुंटूवर एपीटी या तिथल्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवावे; ते यूएसआर-बिन या फोल्डरात जाते आणि तेथे सुडोला सापडते.