कोलोनचा तो पियानो

(दृश्य: रेकॉर्डवर टेकणारी सुई, अगदी जवळून)

ही सुई टेकली बघा. आधी थोडी खरखर, मग पियानोचे पहिले चार-पाच सूर, आणि नीट कान दिलात तर लोक हसलेले ऐकू येतात. ऑपेरा हाऊसमध्ये प्रेक्षकांना आत बोलवायला जी घंटा वाजायची तिचेच सूर अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटने उचलले असं सांगतात, म्हणून ते हसू. तिथून पुढे तासाभराहून जास्त वेळ एकटा माणूस आणि एक पियानो, समोर कागद नाही, जे सुचेल ते तिथल्या तिथे. जर्मनीतलं कोलोन शहर, 24 जानेवारी 1975, अल्बमचं नाव 'द कोलोन कॉन्सर्ट'.

त्या रात्रीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही, आवाज आहे आणि हे कव्हर आहे. पांढऱ्यावर काळा फोटो, मान खाली घातलेला एकोणतीस वर्षांचा जॅरेट.

कार्यक्रम ठरवला होता वेरा ब्रँडेस नावाच्या जेमतेम अठरा वर्षांच्या मुलीने. ऑपेराचा खेळ संपल्यावर रात्री साडेअकराची वेळ मिळाली, चौदाशे लोक आले. जॅरेटने मागितला होता बोझेनडॉर्फर इम्पीरियल, म्हणजे 290 सेंटीमीटर लांब, 88 ऐवजी 97 पट्ट्यांचा अवाढव्य पियानो. स्टेजवर आला तो त्याच कंपनीचा छोटा, तालमीला वापरायचा. वरचे सूर पत्र्यासारखे, खर्जात दम नाही, पेडल धड चालत नाहीत. जॅरेट लांबचा गाडीप्रवास करून आलेला, पाठीला पट्टा बांधलेला, नाही वाजवणार म्हणाला. वेराने गळ घातली आणि तो तयार झाला.

(दृश्य: ट्यूनर काकांचे हात)

ही गोष्ट सांगताना सगळे इथून थेट टाळ्यांवर जातात, मला मात्र इथेच थांबायचंय, कारण मधले काही तास तो पियानो वाजण्याजोगा करण्यात गेलेत. ते काम काय असतं हे कळावं म्हणून आम्ही पुण्यात एका घरी जुना पियानो ट्यून होताना शूट केला. बघा, मधल्या सप्तकात एका पट्टीला तीन तारा असतात, काका दोन तारांमध्ये रबराची पाचर घालून त्यांना गप्प करतात, तिसरी एकटी वाजवतात, किल्ली इतकीशी फिरवतात की कॅमेऱ्यात हालचाल दिसतच नाही, पण सूर सरकलेला ऐकू येतो. मग पाचर काढायची, दुसरी तार पहिलीला मिळवायची, मग तिसरी, आणि अशा दोनशेहून जास्त तारा. शिवाय तारेवर आदळणारी फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी कडक झाली असेल तर सुई टोचून ती मऊ करायची, नाहीतर तोच पत्र्याचा आवाज. त्या दिवशी कोलोनमध्ये हे कुणीतरी केलं, हातात वेळ नसताना केलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या मार्टिन वीलांडचं नाव कव्हरवर आहे, ट्यूनरचं नाव मी शोधलं, सापडलं नाही.

(दृश्य: डावा हात, एकच ठेका)

एवढं करूनही खर्ज कमकुवतच राहिला. मग जॅरेट वरच्या कर्कश पट्ट्या शक्यतो टाळून मधल्या भागात राहतो आणि डाव्या हाताने एकच ठेका पुन्हा पुन्हा धरतो. पहिल्या भागात जवळजवळ बारा मिनिटं दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, आहेत, ए मायनर आणि जी, आलटून पालटून, आणि त्यावर उजवा हात मोकळा सुटलेला. तबल्याचा ठेका धरून ठेवलाय आणि गाणारा वर फिरतोय, आपल्या कानाला हे लगेच कळतं. मध्येच तो कण्हतो, पाय आपटतो, तेही टेपवर आलंय. शेवटची सातेक मिनिटं तेवढी त्याच्या आधीच्या एका रचनेवर आहेत, बाकी सगळं त्या रात्रीचं. अल्बम काढणाऱ्या ईसीएम या रेकॉर्ड कंपनीच्या मानफ्रेड आयशरनेही नंतर म्हटलंय की पियानो चांगला नव्हता म्हणूनच बहुधा तो असा वाजवला गेला.

अल्बम त्याच वर्षी आला, 40 लाखांच्या आसपास खपला. 2018 मध्ये जॅरेटला दोनदा स्ट्रोक आला, डाव्या हाताने वाजवणं संपलं.

काका झाकण लावतायत. एक पट्टी राहिली म्हणाले, परत उघडलं.