समोर कुणी नसताना, समोर कुणी असताना

(दृश्य: लाकडी जमीन. गुडघे मोडून बसलेली एक व्यक्ती. डाव्या कमरेला म्यानात तलवार, धार वरच्या बाजूला.)

पातं तलवारीच्या मुठीत धरून ठेवते ती बांबूची एक छोटी खुंटी. तिला मेकुगी म्हणतात. सरावाआधी ती अंगठ्याने दाबून पाहायची. हलली, तर त्या दिवशी ती तलवार उपसायची नाही. खुंटी मोडली की पातं मुठीतून निसटून थेट समोर उडतं.

तलवार उपसता उपसताच वार करायची ही जपानी विद्या म्हणजे इआइदो. तिचं मूळ सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुके यांच्याकडे नेलं जातं. अखिल जपान केंदो (म्हणजे जपानी तलवारबाजी) महासंघाच्या संचात आज १२ काता आहेत, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका. १९६९ मध्ये त्या ७ होत्या.

पहिली काता 'माए', म्हणजे 'समोर'. समोर शत्रू बसलेला आहे असं धरायचं. कंबर उचलत पायांची बोटं जमिनीला रोवायची, उजवं पाऊल पुढे टाकायचं आणि त्याच्या कानशिलावर आडवा वार. मग टोक डाव्या कानाजवळून मागे नेत तलवार डोक्यावर, आणि सरळ खाली.

खरी मेख उपसण्याच्या शेवटच्या ९ सेंटिमीटरमध्ये आहे. टोक म्यानातून सुटायच्या बेताला म्यान आडवं व्हायला हवं आणि डाव्या हाताने ते मागे खेचायला हवं. नवशिक्याचा उजवा हातच सगळं काम करतो. मग टोक आत अडतं, ते सोडवायला खांदा वर जातो आणि वार तिरका पडतो.

(जवळून: म्यानाचं तोंड. आतल्या लाकडावर ओरखडे, कडेला भुसा.)

हा भुसा धारेने खरवडलेला आहे. डाव्या हाताची बोटं नेमकी इथेच असतात, आणि धारदार पात्याने म्यान चिरलं तर ती कापली जातात. म्हणून शिकताना जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार नसलेली तलवार वापरतात. टोक मात्र तिचंही टोचतं.

पात्याला खोबणी असेल, तर धार वाराच्या रेषेत असताना हवेत 'शूं' असा आवाज येतो. तो समोरच्याच्या डोक्याच्या उंचीवर यायला हवा. गुडघ्यापाशी आला, तर जोर उशिरा लागला. पण हा वार पोहोचला असता का, हे आवाज सांगत नाही. त्याला दुसरा माणूसच लागतो.

(दृश्य: दोघं समोरासमोर, नऊ पावलांच्या अंतरावर. हातात सुमारे १०२ सेंटिमीटरच्या लाकडी तलवारी.)

१९१२ मध्ये ठरलेल्या केंदोच्या १० काता जोडीने करायच्या असतात. वार सुरू करतो तो उचिदाची, उत्तर देतो तो शिदाची. उचिदाची अनुभवी असतो, आणि प्रत्येक वेळी हरतो तोच. शिकवण्याची ही फार सुंदर रीत आहे.

पहिल्या कातात दोघांच्याही तलवारी डोक्यावर. तीन पावलं पुढे येऊन उचिदाची मुठीसकट डोकं चिरायच्या इराद्याने वार करतो. शिदाची हात मागे घेत जेमतेम मागे सरकतो, उचिदाचीचं टोक समोरून खाली जातं, आणि शिदाची लगेच पुढे येऊन डोक्यावर वार करतो.

इथे बिघडवतो तो बहुधा उचिदाचीचा भलेपणा. लागू नये म्हणून तो वार आखूड मारतो. शिदाची मग न लागणाऱ्या वारातून सुटायला शिकतो, म्हणजे काहीच शिकत नाही. तपासायची रीत सोपी: शिदाचीने हलायचं नाही, उचिदाचीने अगदी सावकाश वार आणून थांबवायचा. टोक कपाळाच्या अलीकडे राहिलं, तर अंतर चुकलं.

शिदाचीची चूक उलटी. वार निघायच्या आधीच तो मागे जातो, तेही भरपूर, आणि मग त्याचा स्वतःचा वार तोकडा पडतो.

लाकडी तलवारीला म्यान नसतं, आणि धार थोडी वाकडी वळली तरी तिचा वार लागतोच. ते बारकावे ती झाकून टाकते. म्हणून जोडीच्या सरावानंतर पुन्हा एकट्याने 'माए'ला बसायचं.

(दृश्य: पहिलीच जागा. आडवा वार.)

आता टोक पाहा. शत्रू उभा नाही, बसल्या जागेवरून उठू पाहतोय. वार त्याच्या कानशिलाच्या उंचीवर थांबला आहे.