दर सहाव्या सुराची तडतड

सा, रे, ग, म, प. पाच सूर स्वच्छ उमटले. सहाव्याला, धैवतावर, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी तडतड ऐकू आली. सप्तक तसेच पुढे चढवत गेलो की नी, सां, रें, गं आणि मं पुन्हा निर्मळ लागतात, आणि वरच्या पंचमावर नेमकी तीच तडतड परत येते. सुरुवात दुसऱ्या पट्टीवरून केली, तर दोष धैवत सोडून दुसऱ्याच सुरावर जाऊन बसतो. म्हणजे पट्टी निर्दोष आहे. या वाद्याच्या पोटात पाळीपाळीने गाणारे सहा गळे आहेत आणि त्यांपैकी एक बसलेला आहे.

हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे पट्ट्यांचे वाद्य, रोलंड कंपनीचा जुनो-१०६ आहे. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली जपानमधील ओसाका येथे स्थापन केलेल्या या कंपनीने तो १९८४ मध्ये बाजारात आणला. एकसष्ट पट्ट्या, एका वेळी सहा स्वर, १२८ आवाज साठवणारी स्मृती आणि वर्षभरापूर्वीच रूढ होऊ लागलेली, इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडी जोडणी हे सारे त्यात होते. यातल्या प्रत्येक गळ्याला तंत्रज्ञ ‘व्हॉइस’ म्हणतात. ‘पॉली-१’ या व्यवस्थेत दाबलेली प्रत्येक नवी पट्टी पुढच्या व्हॉइसकडे सोपवली जाते, म्हणूनच बिघाड दर सहाव्या सुराला भेटतो.

नेमका कोणता व्हॉइस आजारी आहे, हे वाद्य स्वतःच सांगते. ‘की ट्रान्सपोज’ हे बटण दाबून धरून वीज चालू केली की ते चाचणीच्या अवस्थेत जाते, आणि त्यानंतर जी पट्टी वाजवावी तिचा सूर कोणत्या व्हॉइसमधून निघाला त्याचा आकडा समोर उमटतो. तडतड ऐकू येईल तेव्हाचा आकडा कागदावर टिपून ठेवायचा. अजून एकही स्क्रू काढलेला नाही, तरी अर्धे निदान झाले आहे.

झाकण उघडण्यापूर्वी साठवलेले आवाज कॅसेटच्या जोडणीतून ध्वनीच्या रूपात उतरवून घ्यावेत. ही स्मृती एका छोट्या लिथियम सेलच्या आधारावर जिवंत असते आणि तो सेल बदलताना ती पुसली जाऊ शकते. कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी जुळवलेला आवाज आपल्या घाईपायी नाहीसा होणे, हे माझ्या मते वाद्य बिघडण्याहून मोठे नुकसान आहे.

आत पहिला मान वीजपुरवठ्याचा. उणे आणि अधिक १५ व्होल्ट व अधिक ५ व्होल्ट हे तीनही दाब मल्टिमीटरवर बरोबर दिसल्याशिवाय पुढच्या कोणत्याही मोजमापाला अर्थ नाही. जपानी बाजारपेठेसाठी बनलेले वाद्य १०० व्होल्टवर चालते, त्यामुळे तिकडून ते भारतात आणणाऱ्याने वाद्याच्या मागच्या बाजूला छापलेला आकडा वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये त्याची वायर कधीही खुपसू नये.

यानंतर तर्काचे काम सुरू होते. साही व्हॉइस बिघडलेले असतील तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा आवाजाला दाटपणा देणाऱ्या शेवटच्या कोरस विभागात, शोधावा. कोरस बंद करताच खरखर थांबली तर शोध तिथेच संपतो. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा किंवा पाचवा-सहावा अशी जोडी एकदम गेली असेल तर एमसी-५५३४-ए या आयसीवर, म्हणजे चिपवर, संशय घ्यावा, कारण लहरींना आकार देणारी ही एक आयसी दोन व्हॉइसना पुरते. एकटाच व्हॉइस आजारी असेल, तर बोट बहुतेक वेळा ८००१७-ए या काळ्या, उभ्या तुकड्याकडे वळते.

हा तुकडा दिसतो आयसीसारखा. प्रत्यक्षात एका पातळ पट्टीवर फिल्टर (आवाजाचा रंग ठरवणारा) आणि ॲम्प्लिफायर (त्याची पातळी ठरवणारा) यांचे सूक्ष्म भाग बसवून त्यावर काळ्या रेझिनचा लेप चढवलेला आहे. लेप संरक्षणासाठी होता. कालांतराने तोच किंचित विद्युतवाहक होतो, आतल्या नाजूक प्रवाहांना नको तिथे वाट मिळते आणि सूर तडतडतो, अडकतो किंवा पार मुका होतो, असे दुरुस्ती करणारे बहुतेक जण मानतात. आधीच्या जुनो-६० मध्ये फिल्टरच्या आयसी सुट्या बसवलेल्या असल्याने हे दुखणे तिथे आढळत नाही.

तरीही केवळ ख्यातीवरून कोणालाही दोषी ठरवू नये. विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची सुई आधी तुकड्याच्या प्रवेशाच्या पायावर (पिनवर) आणि मग बाहेर पडणाऱ्या पायावर टेकवावी. आत शिरणारी लहर सरळ, स्वच्छ आणि बाहेर पडणारी फाटलेली दिसली, की मगच सोल्डरिंग गन तापवावी.

सोल्डरचा डाग काढताना घाई केली तर जुन्या बोर्डावरचा तांब्याचा पातळ पट्टा उष्णतेने उचलला जातो. प्रत्येक पायाचा डाग शोषून घ्यावा, तुकडा किंचित हलवून पाहावा आणि तो आपणहून सैल झाला तरच उचलावा. नंतर तो झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवतात. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून हे काम हवेशीर जागी आणि आगीपासून दूरच करावे. एखाद-दोन दिवसांत लेप फुगून पिकल्या चिंचेच्या टरफलासारखा सुटू लागतो. तो लाकडी काडीने अलगद सोडवताना चाळीस वर्षांत उजेड न पाहिलेले इवलेसे भाग एकेक करून डोळ्यांपुढे येतात, आणि जोर जरा जास्त झाला तर त्यांतला एखादा लेपाबरोबरच निघून येतो. तुकडा वाचलाच नाही, तर हल्ली नव्याने बनवलेले पर्यायी तुकडे मिळतात.

एक गेला म्हणून साही तुकडे एकदम बदलावेत, असा सल्ला अनेक जण देतात. इतर पाचही त्याच वयाचे आहेत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु निरोगी तुकड्याला आज उष्णता देऊन बोर्ड धोक्यात घालणे मला पटत नाही. काढलेल्या जागी सॉकेट बसवावे आणि बाकीच्यांना त्यांची वेळ येईपर्यंत गाऊ द्यावे.

साफ झालेला तुकडा परत बसवला तरी काम उरतेच. त्या व्हॉइसचे फिल्टर आणि रेझोनन्स (फिल्टरची धार) जुळवणारे छोटे ट्रिमर, म्हणजे फिरवायचे पेच, प्लॅस्टिकच्या पेचकसाने केसाएवढे फिरवत, त्याचा आवाज शेजारच्या पाचांशी मिळवून घ्यावा लागतो. स्वराची उंची इथे डिजिटल घड्याळ ठरवते, त्यामुळे सूर सहसा उतरत नाही. फरक पडतो तो आवाजाच्या रंगात, आणि तो पकडायला मीटरबरोबर कानही हवा.

आता वाद्य तासभर चालू आहे आणि पुरते तापले आहे. सा, रे, ग, म, प. आकडा बदलतो, धैवत लागतो. आवाज थांबल्यावर स्पीकरशी कान नेऊन पाहावे: मागे काहीही तडतडत नाही.