ज्या कायद्याने आपल्याला आत घेतलं

नमस्कार मंडळी.

‘आम्ही रांगेत उभे राहून आलो, त्यांनीही तसंच यावं.’ कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेल्यांबद्दल आपल्या पंगतींत हे हमखास ऐकू येतं. आज त्या रांगेबद्दलच बोलतो.

1946 पासून भारताच्या वाट्याला वर्षाला 100 व्हिसा होते. 3 ऑक्टोबर 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर येऊ लागले. त्यांतले काही पहिल्या ओळीत बसलेत, त्यांना नमस्कार! पण त्याच कायद्याने मेक्सिकोसकट साऱ्या पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदाच आकड्याची मर्यादा आणली. त्याच्या आदल्या वर्षी ‘ब्रासेरो’ योजना बंद झाली होती. त्या योजनेखाली 22 वर्षांत मेक्सिकन शेतमजुरांशी सुमारे 46 लाख करार झाले होते. पुढे 1976 मध्ये मेक्सिकोलाही इतर देशांइतकेच, वर्षाला 20,000 व्हिसा ठरले. शेतं तीच, मालक तेच, तोडणीला येणारी माणसंही तीच. बेकायदा मात्र ती आता ठरली.

तरी ती हंगामाला यायची आणि परत जायची, आपल्या बीडच्या ऊसतोड टोळ्यांसारखी. नव्वदच्या दशकात सीमेवर कुंपण आणि पहारा वाढला. ये-जा महाग आणि जिवावरची झाली, तेव्हा लोक इथेच राहिले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. प्यू या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 1990 मध्ये कागदपत्रं नसलेले 35 लाख होते, 2007 मध्ये 1 कोटी 22 लाख, 2023 मध्ये 1 कोटी 40 लाख.

मधे 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कायद्याने सुमारे 27 लाखांना कागद मिळाले. मालकांना दंडही ठेवला, पण कागद नसलेल्यांना जाणूनबुजून कामावर ठेवलं तरच. कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला! बरेच बागायतदार मग मजूर ठेकेदारामार्फत घेऊ लागले.

‘ते आपली कामं घेतात’ या तक्रारीत तथ्य किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडताहेत. मला जास्त बोचतो तो 2002 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. युनियनच्या कामामुळे बेकायदा काढलेल्या मजुराकडे कागद नसतील, तर त्याला बुडालेला पगार मिळणार नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे नियम मोडणं मालकाला स्वस्त पडलं. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या शेजारी काम करणाऱ्या नागरिकाचाही आवाज मग बसतो.

आणि ती रांग? पदवी नसलेल्या, साध्या कामाच्या मजुरांसाठी नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं, म्हणजे इथे कायम राहण्याचे परवाने, साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10,000.

हे फक्त मेक्सिकोचं आहे असंही समजू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात परत पाठवलेले 104 भारतीय होते. त्यांत तिघे महाराष्ट्राचे.

सीमा मोकळी सोडा असं मी म्हणत नाही. पण कायद्यात 1929 पासून ‘रजिस्ट्री’ नावाची एक तरतूद आहे. ठरावीक तारखेआधीपासून इथे राहणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला तिच्याखाली ग्रीन कार्ड मागता येतं. ती तारीख वेळोवेळी पुढे नेली गेली, शेवटची 1986 मध्ये. तेव्हापासून ती 1 जानेवारी 1972 वरच अडकली आहे. ती पुढे नेणारी विधेयकं आली आणि पडून राहिली. आपल्या प्रतिनिधींना एच-वन या नोकरीच्या व्हिसाबद्दल आणि ग्रीन कार्डाबद्दल आपण पत्रं लिहितोच. त्याच पत्रात या तारखेबद्दल दोन ओळी घाला, एवढीच विनंती.