दोन काळे ठिपके

[दृश्य : कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली. लेड अ‍ॅप्रन घातलेले डॉक्टर, समोर मोठा मॉनिटर.]

मॉनिटरवर बरगड्यांच्या करड्या पट्ट्या आहेत, मणक्याची सावली आहे, श्वासागणिक वरखाली होणारं श्वासपटल आहे. या सगळ्यातून वळणं घेत गेलेली बारीक काळी रेघ म्हणजे अँजिओप्लास्टीसाठी हृदयाच्या धमनीत सरकवलेली वायर. जाडी 0.36 मिलिमीटर. वायरीवर दोन काळे ठिपके दिसतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ते जोडीने हलतात.

हे ठिपके म्हणजे अरुंद धमनी रुंद करायला वायरीवरून नेलेल्या बलूनच्या दोन टोकांना बसवलेली धातूची बारीक कडी. बहुतेक वेळा प्लॅटिनम आणि इरिडियमची, कारण हे जड धातू एक्स-रे चांगला अडवतात. बलूनवर चढवलेला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, या दोन ठिपक्यांच्या मध्ये असतो. आणि तोच नीट दिसत नाही.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. झुरिक, तुलूज, लोझान.]

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिल्यांदा जाग्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत बलून फुगवला. 1986 साली तुलूजमध्ये झाक प्युएल आणि लोझानमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट बसवले. तेव्हापासून स्टेंटची जाळी बारीक होत आली आहे. औषध लावलेल्या सुरुवातीच्या स्टेंटची स्टीलची तार सुमारे 140 मायक्रॉन जाड होती. आज कोबाल्ट-क्रोमियमची तार 80 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जवळपास डोक्यावरच्या केसाएवढी असते. बारीक तारेवर धमनीचं अस्तर लवकर चढतं, रुग्णाला ते हिताचं. पण तार जितकी बारीक, तितकी तिची सावली पुसट.

[दृश्य : डॉक्टरांच्या हातातलं प्रेशरचं उपकरण. काटा 12 अ‍ॅटमॉस्फिअरवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या 12 पट.]

बलून फुगला, स्टेंट उघडला, बलूनमधली हवा नव्हे, तर डाय (एक्स-रेत गडद दिसणारं द्रव) मिसळलेलं पाणी परत ओढून घेतलं. आता धमनीत डाय सोडून पाहिलं तर रक्त छान वाहताना दिसतं. बरेचदा काम इथेच संपलं असं समजलं जातं. पण धमनीत कॅल्शियमचा कडक थर असेल तर स्टेंट टोकांना पूर्ण उघडतो आणि मधोमध आवळलेला राहतो. डायच्या दाट सावलीत ही आवळलेली जागा सहज झाकली जाते. पुढे त्याच जागी गुठळी होण्याचा किंवा धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. स्टेंट अपुरा उघडणं हे या दोन्हींमागचं एक मोठं कारण आहे.

म्हणून रिकामा बलून लगेच बाहेर काढत नाहीत. तो स्टेंटच्या आतच ठेवून डॉक्टर पेडल दाबतात आणि दोन-तीन सेकंदांचं सिने रेकॉर्डिंग, म्हणजे एक्स-रेची छोटी चित्रफीत, घेतात. डायचा थेंबही लागत नाही. मूत्रपिंडं नाजूक असलेल्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे.

[दृश्य : अ‍ॅनिमेशन. एकामागून एक फ्रेम, प्रत्येकीत दोन ठिपक्यांभोवती वर्तुळं.]

पुढचं काम संगणकाचं. प्रत्येक फ्रेममध्ये तो लहान, गोलसर, गडद ठिपके शोधतो. असे ठिपके पुष्कळ सापडतात, बायपास झालेल्या रुग्णाच्या छातीत तर तारा आणि क्लिपाही असतात. त्यातून तो अशी जोडी निवडतो, जिच्यातलं अंतर बलूनच्या लांबीशी जुळतं आणि जी फ्रेममागून फ्रेम एकत्र हलते. मग प्रत्येक फ्रेम सरकवून, थोडी फिरवून, ही जोडी एकाच जागी आणतो आणि सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो.

इथे गणित मदतीला येतं. चित्रातले खरखरीचे कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे विखुरलेले असतात, ते सरासरीत एकमेकांना खोडतात. 36 फ्रेम एकत्र केल्या तर ही खरखर 6 पटींनी घटते. बरगड्या आणि मणका ठिपक्यांबरोबर हलत नाहीत, त्यामुळे ते फिकट धूसर होऊन मागे पडतात. स्टेंट मात्र प्रत्येक फ्रेममध्ये ठिपक्यांच्या मध्येच असतो. त्याची जाळी उमटून येते, तारेगणिक.

[दृश्य : डावीकडे साधी फ्रेम, उजवीकडे तयार झालेलं चित्र.]

या चित्रात आवळलेली जागा दिसली की डॉक्टर कडक भिंतीचा बलून त्याच ठिकाणी नेतात, 18 ते 20 अ‍ॅटमॉस्फिअर दाब देतात आणि पुन्हा चित्र घेतात. दोन स्टेंटमध्ये राहिलेली फट, तुटलेली तार, हेही असंच सापडतं. फिलिप्सचं स्टेंटबूस्ट, सीमेन्सचं क्लिअरस्टेंट, जीईचं स्टेंटव्हिझ ही याच तंत्राची नावं. आता हे काम चालू चित्रावरही होतं: पडद्यावर स्टेंट स्थिर, मागचं सगळं हलतं. धमनीच्या तोंडाशी मिलिमीटरच्या हिशेबाने स्टेंट लावताना त्याचा फार उपयोग होतो.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. या चित्रात धातू दिसतो, धमनीची भिंत दिसत नाही. स्टेंट भिंतीला टेकला आहे का, हे त्यावरून कळत नाही. चित्र एकाच कोनातलं असतं, म्हणून दुसऱ्या कोनातून पाहावं लागतं. सिनेच्या प्रत्येक फ्रेममागे किरणांचा डोसही साध्या फ्लुरोस्कोपीपेक्षा, म्हणजे काम करताना पडद्यावर चालू असलेल्या एक्स-रेपेक्षा, जास्त. आतून भिंत पाहायची तर आयव्हस (धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी) किंवा ओसीटी (तसंच, पण प्रकाशाने काढलेलं चित्र) हवं. 2024 मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने गुंतागुंतीच्या ब्लॉकेजसाठी अशा तपासणीची ठाम शिफारस केली आहे.

पण त्या प्रत्येक तपासणीचं कॅथेटर, म्हणजे धमनीत सरकवायची बारीक नळी, वेगळं आणि महाग असतं. फेब्रुवारी 2017 मध्ये आपल्याकडे स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, औषध लावलेल्या स्टेंटसाठी 29,600 रुपये. त्या आदेशात ही कॅथेटर नव्हती. जिथे खर्चामुळे आयव्हस होत नाही, तिथे तरी हे चित्र घ्यायलाच हवं, कारण मशीनमध्ये सोय असेल तर त्याला वेगळं साहित्य लागत नाही.

आणि एक आग्रह. अँजिओप्लास्टीनंतर रुग्णाच्या हातात सीडी दिली जाते. स्टेंटचं हे चित्रही त्या सीडीत असावं. काही वर्षांनी छातीत पुन्हा दुखू लागलं आणि रुग्ण वेगळ्या गावातल्या वेगळ्या डॉक्टरांपुढे बसला, तर स्टेंट पहिल्या दिवशी पूर्ण उघडला होता की नाही, हे त्यांना लगेच पाहता येईल.