बेदाणा शेडमधला बोटभर बोर्ड

तासगाव तालुक्यातील या शेडमध्ये, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षे जाळीच्या रॅकवर पसरली आहेत. ती वाळून बेदाणा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात हवा दमट झाली तर माल सावकाश वाळतो व त्याचा हिरवा रंग तपकिरी पडतो. म्हणून याच घरातल्या, सांगलीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीने रॅकच्या मधल्या थरातले तापमान आणि आर्द्रता टिपणारे यंत्र जोडले आहे. प्लॅस्टिकच्या डबीतला तो हिरवा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय पिको, हवा तो प्रोग्राम टाकून चालवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या या बोर्डाची लांबी ५१ मिलिमीटर आणि रुंदी २१ मिलिमीटर आहे.

एका टोकाला मायक्रो यूएसबीचे सॉकेट आहे, आणि या बोर्डाचा खरा गुण तिथूनच सुरू होतो. अर्डुइनो उनो आर३ सारख्या दुसऱ्या छोट्या बोर्डावर संगणकाशी बोलण्यासाठी दुसरी चिप बसवलेली असते. इथे मात्र यूएसबीच्या दोन्ही डेटा तारा २७ ओहमच्या रोधांमधून थेट आरपी२०४० या मुख्य चिपमध्ये शिरतात. शेजारच्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून चिप स्वतःच यूएसबीला लागणारे ४८ मेगाहर्ट्झचे ठोके तयार करते.

आता हे पांढरे बटण पाहा. त्याला स्वतःची वेगळी पिन नाही. ते दाबले की बाहेरच्या २ मेगाबाइट फ्लॅश मेमरीची निवड करणारी तार ग्राउंडकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढली जाते. चालू होताना चिपला हे कळते आणि ती फ्लॅशमधला प्रोग्राम न उघडता संगणकावर पेन ड्राइव्हसारखी दिसू लागते. तयार फाइल त्यात टाकली की काम झाले. हे करणारा मजकूर १६ किलोबाइटच्या रॉममध्ये, चिप घडवतानाच कोरलेला असल्यामुळे चुकीच्या प्रोग्रामने तो पुसला जाऊच शकत नाही. नवशिक्याच्या हाती द्यायच्या वस्तूत याहून मोठा गुण मला दिसत नाही.

१३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारे दोन गाभे आणि २६४ किलोबाइट रॅम या कामाला भरपूर आहेत. अधिक मोलाची आहेत ती पीआयओची, म्हणजे पिनांवरचे संकेत गाभ्यांशिवाय हाताळणाऱ्या भागाची, आठ लहान यंत्रे. डीएचटी२२ हा तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर एकाच तारेवरून ४० बिट पाठवतो: सुमारे २७ मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे शून्य, आणि ७० मायक्रोसेकंदांचा म्हणजे एक. हे मोजमाप पीआयओ परस्पर करते, त्यामुळे मुख्य गाभा दुसऱ्या कामात असतानाही ठोका चुकण्याची भीती राहत नाही.

अॅनालॉग मोजणीत, म्हणजे सलग बदलणारे व्होल्टेज मोजण्यात, मात्र हा बोर्ड उणा पडतो. कागदावर १२ बिट असले तरी प्रत्यक्षात भरवशाचे बिट नवाच्याही आत राहतात, म्हणून इथे डिजिटल सेन्सर निवडला, हे योग्यच झाले. शिवाय पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पाच व्होल्टचा संकेत थेट जोडला तर चिप जळू शकते, आणि तिथे रॉमही वाचवू शकत नाही.

शेडमध्ये विजेचा भरवसा नसल्यामुळे बोर्ड तीन पेन्सिल सेलवर चालतो. व्हीसिस या वीज घेणाऱ्या पिनेवर १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत काहीही चालते, कारण बोर्डावरचा रेग्युलेटर विजेचा दाब कमीही करतो आणि वाढवूही शकतो. यूएसबीच्या वाटेवर शॉटकी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बोर्डावरच आहे; सेलच्या वाटेवर तसाच दुसरा डायोड मुलीने स्वतः डाग देऊन बसवला आहे.

संध्याकाळ झाली आहे. ती डबी उघडून लॅपटॉपची केबल जोडते. यूएसबीचा दाब सेलपेक्षा जास्त असल्याने भार आपोआप तिकडे सरकतो, आणि फ्लॅशमध्ये साठलेल्या दिवसभराच्या नोंदी ओळीने पडद्यावर उतरू लागतात. वडील शेजारी उभे राहून दुपारी तीनची आर्द्रता विचारतात.